कोल्हापुरात मुक्काम, चार दिशांना चार दिवस

कोल्हापूरला आलेले बहुतेक पाहुणे अंबाबाईचं दर्शन घेतात, रंकाळ्यावर भेळ खातात, रात्री तांबडा-पांढरा ओरपतात आणि सकाळी चपलांचा जोड गाडीत टाकून कोकणाच्या नाहीतर गोव्याच्या वाटेला लागतात. शहराच्या भोवती दोन-अडीच तासांच्या अंतरात बाराव्या शतकातलं कोरीव देऊळ आहे, शिवरायांना वेढ्यातून वाट देणारा गड आहे, गव्यांचं जंगल आहे, हंगामात रात्रंदिवस पेटलेली गुऱ्हाळं आहेत. हे न पाहता माणसं निघून जातात, याची खरोखर हळहळ वाटते.

म्हणून हा बेत, पायरीपायरीने. त्यात मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगणार आहे: इथल्या प्रत्येक जागेची स्वतःची एक वेळ आहे. गवा पहाटे आणि दिवस कलताना दिसतो, खिद्रापूरचा मंडप भर दुपारी बघायचा, पन्हाळ्याची पश्चिम बाजू संध्याकाळी. ती वेळ आधी धरा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

आधी दिशा ठरवा

वायव्येला ज्योतिबा आणि पन्हाळा, पूर्वेला नृसिंहवाडी आणि खिद्रापूर, नैऋत्येला राधानगरी आणि दाजीपूर, पश्चिमेला गगनबावडा. एका दिशेकडून दुसरीकडे जायचं तर बहुतेक वेळा पुन्हा शहरात शिरावं लागतं, आणि तिथे तास सहज जातो. ‘सकाळी पन्हाळा, दुपारी खिद्रापूर’ असा बेत कागदावर जमतो, पण दोन्हीकडे फक्त पार्किंग बघून होतं. एका दिवसाला एकच दिशा. त्या दिशेलाही दोन मुख्य ठिकाणं पुरेत.

मग महिना बघा

जून ते सप्टेंबर दाजीपूरचं जंगल पर्यटकांना बंद असतं. पाऊस लांबला तर ऑक्टोबरही जातो. याच महिन्यांत पूर्वेकडे पंचगंगा आणि कृष्णा फुगतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली होती. पूर नसला तरी संततधार लागली की नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या बाजूचे पूल कधी बंद होतील सांगता येत नाही. तेव्हा पावसाळ्यात निघण्याआधी सकाळचं स्थानिक वर्तमानपत्र बघायचं, नाहीतर तिथल्या एखाद्या दुकानदाराला फोन करायचा. पन्हाळा मात्र पावसात जावंच असा आहे. तट धुक्यात बुडालेले, आणि गडाच्या पश्चिमेला मसाई पठारावर पाऊस ओसरताना रानफुलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्याच दिशांना चांगले. मार्च ते मे ऊन कडक असतं, पण जंगलातले झरे आटल्यामुळे जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात, त्यामुळे दाजीपूरला याच दिवसांत जास्त दिसतं.

तारखा हातात असतील तर अजून एक बघा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. ढग किंवा धूर आडवा आला तर योग चुकतो, म्हणून तिन्ही संध्याकाळ मोकळ्या ठेवा. सहलीहून साडेचारच्या आत परत या.

वाहन आणि गाठोडं

चौघं असाल तर दिवसभराची भाड्याची गाडी सगळ्यात सोयीची. दोघं असाल आणि घाई नसेल तर एसटीनेही पन्हाळा, ज्योतिबा, नृसिंहवाडी आरामात होतं. फक्त हे ध्यानात ठेवा की शहरात मध्यवर्ती, रंकाळा आणि संभाजीनगर अशी तीन बसस्थानकं आहेत. आपली गाडी कुठून सुटते ते आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून घ्या. खिद्रापूर आणि दाजीपूरला एसटीच्या फेऱ्या कमी, तिथे स्वतःचं वाहन हवं.

बरोबर पाणी, टोपी, सुटे पैसे. देवळांत अनवाणी फिरावं लागतं आणि दुपारी दगड तापतो, म्हणून जाड पायमोज्यांचा एक जोड. जंगलासाठी मातकट किंवा हिरवट कपडे आणि दुर्बीण. पावसाळ्यात पश्चिमेकडे जळवा असतात, मिठाची पुडी खिशात टाका.

वायव्येचा दिवस: ज्योतिबा आणि पन्हाळा

सकाळी सातच्या आत निघा. रत्नागिरीच्या रस्त्याने केर्लीपर्यंत जायचं आणि तिथून ज्योतिबाच्या डोंगराकडे वळायचं. ज्योतिबाचा वार रविवार. त्या दिवशी आणि पौर्णिमेला रांग मोठी असते. चैत्र पौर्णिमेची यात्रा तर वेगळीच गोष्ट आहे. उंच सासनकाठ्या नाचवत गावोगावचे मानकरी येतात, डोंगर गुलालाने भरून जातो आणि ‘चांगभलं’च्या गजराशिवाय काही ऐकू येत नाही. यात्रा अनुभवायची असेल तर तो दिवस तिलाच द्या. शांतपणे देऊळ बघायचं असेल तर मधल्या वारी, सकाळी लवकर. काळ्या दगडाची देवळं शेजारी शेजारी आहेत. मुख्य देऊळ शिंद्यांनी बांधलेलं. पायऱ्यांवर, नंदीवर, दीपमाळेवर सगळीकडे गुलाल. पांढरे कपडे मुद्दाम टाळा. दवण्याची जुडी घ्या, तिचा वास दिवसभर गाडीत राहतो.

तिथून दानेवाडीवरून वाघबीळला उतरा आणि समोरचा पन्हाळ्याचा घाट धरा. साडेदहा-अकरापर्यंत गडावर पोचता.

पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या शेवटी बांधला. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण गडावर हॉटेलं, बंगले, नगरपालिका असं नांदतं गाव आहे, त्यामुळे क्रम ठरवून फिरला नाहीत तर आइस्क्रीमच्या गाड्या बघूनच परत याल. माझा क्रम असा.

चार दरवाजाच्या जागेवरून आत आलं की बाजीप्रभूंचा पुतळा लागतो. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी हा दरवाजा पाडला, म्हणून आज तिथे नुसता रस्ता आहे. पुतळ्यापुढे थांबून पुढे अंबरखान्याकडे जा. गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठारांपैकी गंगा कोठी सगळ्यात मोठी. आत शिरलं की डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं. मग मान वर करा. छताला ओळीने झरोके दिसतील, धान्य त्यांतून आत ओतायचे. बाहेरच्या जिन्याने छतावरही जाता येतं. एवढा दाणागोटा साठवता येत होता, म्हणून हा गड महिनोन्महिने वेढा सोसू शकला.

तो वेढा १६६० चा. मार्चपासून सिद्दी जौहर गडाभोवती बसला होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रजसुद्धा तोफ घेऊन त्याच्या मदतीला आले होते. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज राजदिंडीच्या वाटेने उतरून विशाळगडाकडे निघाले. नेबापूरचे शिवा काशीद महाराजांच्या वेषात शत्रूच्या हाती गेले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. राजदिंडी फार कमी लोक बघतात. मोठ्या दरवाजांचा थाट तिला नाही, अरुंद चोरवाट आहे. तिथून खालची झाडी आणि पलीकडचं मसाई पठार बघितलं की रात्री, चिखलात, पालखीसह तो रस्ता कसा कापला असेल याचा थोडा अंदाज येतो. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना इथेच सांगा.

दुपारी तटाच्या बाजूला बायका चुलीवर झुणका-भाकरी करतात. ज्वारीची नाहीतर तांदळाची भाकरी, खर्डा, मडक्यातलं दही. गडावर जेवायचं तर हेच.

जेवणानंतर सज्जाकोठी. शिवरायांचं निधन झालं तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. वरच्या मजल्याच्या सज्जातून खालचं खोरं उघडं दिसतं. नंतर सोमेश्वर तळ्यावरून तीन दरवाजाकडे जा. दिवस कलताना इथे यायचं, कारण दरवाजा पश्चिम अंगाला आहे आणि तिरप्या उन्हात कोरीवकामाची खोली दिसते. शेजारीच अंधार बाव. बाहेरून साधी इमारत वाटते, आत तीन मजले: तळाला विहीर, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायची चोरवाट, वर पहाऱ्याची जागा. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच इमारतीच्या पोटात घेतली. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी हा गड परत घेतला. तीन दरवाजाची जाडी बघून मग तो आकडा आठवा.

शेवट पुसाटी बुरुजावर. सूर्यास्त झाला की उतरा. घाटात धुकं असेल तर अंधार पडायच्या आत.

पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं असेल तर ती दोन दिवसांची पायपीट आहे. जुलैत मोठे गट जातात, त्यांच्याबरोबरच जा.

पूर्वेचा दिवस: नृसिंहवाडी आणि खिद्रापूर

हा माझा सगळ्यात आवडता दिवस, आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी लोक करतात तो. उसाची काळी रानं, सपाट रस्ता, आणि शेवटी महाराष्ट्राच्या अगदी कडेला, कर्नाटकाला लागून, कृष्णेच्या काठावर एक देऊळ.

आठला निघून हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ असं करत वाडीला या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं हे दत्तस्थान. नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षं वास्तव्य केलं, असं परंपरा सांगते. देवळात मूर्ती नाही, पादुका आहेत. पावसाळ्यात नदी चढत चढत देवळात येते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला माणसं पुरातही येतात. तुम्ही मात्र पोलिसांनी अडवलं तर वाद न घालता मागे फिरा. घाटावर थोडं बसा, दर्शन घ्या. बाजारातून बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. आंबट-गोड कवठाची ती चव दुसरीकडे सहसा मिळत नाही.

साडेदहाला वाडी सोडा. कुरुंदवाड, सैनिक टाकळी, अकिवाट या बाजूने खिद्रापूर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सैनिक टाकळी हे नाव उगाच नाही, इथल्या घराघरातून पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली आहेत.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढे यादवांच्या काळातही काम चालू राहिलं असावं. सिंघण राजाचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथे आहे. देवळासमोर नंदी नाही, ही गोष्ट लगेच खटकते. त्यामागची कथा तिथला कुणीही सांगेल: दक्षाच्या यज्ञाला सती निघाली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला, तो आज नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. सतीच्या मृत्यूने शंकर कोपले, विष्णूने धोपेश्वर होऊन त्यांना शांत केलं. म्हणून गाभाऱ्यात दोघंही आहेत.

आत जायची घाई करू नका. पहिला तास स्वर्गमंडपाला द्या, आणि तो भर दुपारचा. मुख्य देवळापुढे खांबांच्या वर्तुळात उभा असलेला हा मंडप, मधोमध वर आकाश उघडं. सुमारे तेरा फुटांचा तो गोल मुद्दाम मोकळा ठेवलेला. बरोबर खाली, फरशीत, तेवढीच गोल शिळा. माथ्यावर ऊन आलं की उजेडाचा स्वच्छ गोल आत उतरतो आणि खांबांच्या सावल्यांमधून हळूहळू सरकत जातो. एका खांबाशी बसून अर्धा तास तो बघा. खांबही नीट बघा. एकच खांब खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल होत वर जातो, आणि काही ठिकाणी दगड असा घोटलाय की आपली सावली त्यात हलताना दिसते. वर, मोकळ्या गोलाच्या कडेने आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल आहेत. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र या गोलावर येतो, तेव्हा रात्री गर्दी असते.

मग बाहेरून प्रदक्षिणा. जोत्यावर हत्तींची रांग देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा, मूर्तींचे चेहरे आक्रमणांत फोडलेले. तरी पंचतंत्रातल्या गोष्टी, नर्तिका, वादक ओळखू येतात. कोरीवकामाला हात लावू नका आणि मुलांना हत्तींवर बसवू नका, हे फार कळकळीने सांगतो. नऊशे वर्षं टिकलेला दगड रोजच्या घामट हातांनी झिजतो. गावात जुनं जैन मंदिरही आहे, दहा मिनिटं काढून बघा.

खिद्रापुरात जेवणाची फारशी सोय नाही. डबा बरोबर आणा किंवा दोनला निघून कुरुंदवाड-वाडीत जेवा. परतताना वेळ असेल तर कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर वाटेवर पडतो.

नैऋत्येचा दिवस: दाजीपूर

कोल्हापूर ते दाजीपूर सुमारे ऐंशी किलोमीटर. पहाटे साडेचारला निघावं लागतं. ते जमणार नसेल तर आदल्या रात्री राधानगरीत मुक्काम करा, पण नऊ वाजता जंगलात पोचून ‘काही दिसलं नाही’ म्हणू नका.

पहाटेच्या अंधारात एक धोका खरा आहे. नोव्हेंबर ते मार्च उसाचा गाळप हंगाम. भोगावतीच्या रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याच वेळा मागचा दिवा नसलेल्या. वेग चाळीसच्या वर नेऊ नका आणि वळणावर ओव्हरटेक नकोच.

हे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आजचं राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. प्रवेशपत्र वनखात्याच्या नाक्यावर मिळतं. जंगल कोणत्या वारी बंद आहे आणि आत खासगी गाडी सोडतात का, हे आदल्या दिवशी वनखात्याला विचारा. रस्ता कच्चा आणि खडकाळ आहे, छोट्या मोटारीचा तळ घासतो. तिथल्या जीपवाल्याला आणि गाईडला घ्या. त्याच्या पैशांत काटकसर करू नका, कारण गवा तोच दाखवतो.

गवा शोधायचा तो सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या माळांवर आणि जंगलाच्या कडेला. आधी काळा ठिपका दिसतो, मग गुडघ्याखालचे पांढरे पाय. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. कळप माणूस बघून बहुधा झाडीत सरकतो. एकटा नर मात्र उभा राहून बघत राहतो. तो फुरफुरला, डोकं खाली घेतलं, तर गाईड सांगेल तसं मागे सरका. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न नाही, गाणी नाहीत. गवा दिसला नाही तरी झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवा: शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना दिसतो, आणि धनेशाच्या पंखांचा आवाज पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो.

दहापर्यंत जंगल आटोपतं. परतताना राधानगरी धरणावर थांबा. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. संस्थानाच्या पैशांतून, शेतकऱ्यांसाठी. पैशांअभावी आणि युद्धामुळे काम थांबलं, ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्याचे सात दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. दर पावसाळ्यात ती बातमी येते आणि खालची गावं सावध होतात.

आणि वाटेत गुऱ्हाळ. हंगामात रस्त्याकडेला धूर दिसला आणि गोड, किंचित जळका वास आला की गाडी थांबवा, मालकाला विचारून आत जा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. चुलवाणात चिपाडं जळत असतात, वर अजस्र काहील, तिच्यात उसाचा रस. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचं. रस हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. गोळी जमली की हाक देतो, आणि सगळे धावत काहील वाफ्यात उलटी करतात. तो क्षण चुकला तर गूळ बिघडतो. वाफ्यात निवला की साच्यात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरतात. कोमट गूळ हातावर मागून घ्या, काकवीची बाटली विकत घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

तांबडा-पांढरा याच दिवशी रात्री. पहाटेपासून उपाशी फिरलेल्या पोटाला तो जास्त मानवतो.

पश्चिमेचा दिवस

गगनबावडा, सुमारे पंचावन्न किलोमीटर. गगनगडावरून कोकण खाली पसरलेलं दिसतं, वाटेत पळसंब्याच्या ओढ्यात अखंड दगडात कोरलेली छोटी देवळं आहेत. पावसाळा संपता संपता जावं. धुकं दाट असेल तर करूळ किंवा भुईबावडा घाटात उतरू नका, तिथून परत फिरा. लहान मुलं कंटाळली असतील तर हा दिवस सोडून शहराजवळचा कणेरी मठ करा. गावगाड्याची सगळी कामं तिथे पुतळ्यांतून उभी केली आहेत. आजी-आजोबांना बरोबर न्या, बलुतेदारांची नावं तेच सांगतील.

दिवस कमी असतील तर

दोन दिवस असतील तर वायव्य आणि पूर्व, जंगल पुढच्या वेळी. एकच दिवस असेल आणि पाऊस नसेल, तर मी खिद्रापूरला पाठवेन. पन्हाळ्याला तुम्ही कधी ना कधी जालच, पण खिद्रापूरला कुणी आपोआप जात नाही.